नाकातला भूगोल

निफाडची जानेवारीतली रात्र, तीनचा सुमार. बाहेर द्राक्षबागांच्या कडेने शेकोट्या धुमसताहेत, कारण पारा फार खाली गेला की घडांचं काही खरं नसतं. गावातल्या एका घरात भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक पलंगावर उठून बसलेत. अंगावर दोन गोधड्या, डोक्याला कानटोपी, नाकावर मास्क आणि मास्कला सहा फुटांची नळी. श्वास आत घेतला की नळीत गुडगुडतं, जणू कुणी हुक्का ओढतंय. मध्येच एक गार थेंब नाकाच्या शेंड्यावर टपकतो. आणि ज्या नाकावर तो टपकतो ते आतून ठणठणीत कोरडं, वर गच्च चोंदलेलं. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण सरांनी वर्गात शेकडो वेळा वापरली असेल. ती अशी शब्दशः उशाशी येऊन बसेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

सरांचं घोरणं गल्लीत प्रसिद्ध होतं. शाळेच्या सहलीत त्यांच्या खोलीशेजारची खोली कुणी घेत नसे. पण घरी बायकोची, म्हणजे काकूंची, झोप त्या आवाजाने मोडत नव्हती, तो थांबला की मोडायची. घोरणं चढत चढत जायचं, एकदम बंद व्हायचं, आणि अंधारात काकू मोजत बसायच्या. दहा, पंधरा, वीस. मग मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास यायचा आणि गाडी पुन्हा सुरू. “अहो, दाखवून घ्या एकदा,” हे त्यांनी किती वर्षं म्हटलं त्याचा हिशेब नाही. १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले. इस्पितळातल्या डॉक्टरांनी कारणांमध्ये ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’चं नाव घेतलं आणि लवकरच तो शब्द मराठी वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. काकूंनी ते कात्रण देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरला टाचणीने लावून ठेवलं. सर नाशिकला जाऊन तपासणी करून आले. झोपेत तासाला तीसहून अधिक वेळा श्वास अडत होता. डॉक्टरी मोजमापात पाचाच्या आतला आकडा ठीक समजतात, तीस ओलांडले की दुखणं तीव्र.

म्हणून सीपॅप आलं. हे यंत्र तसं साधं. खोलीतली हवा ओढायची, ठरावीक दाबाने नळीतून नाकात सोडायची. हवेचा तो दाब घशाच्या सैल भिंतींना आतून टेकू देतो, त्या मिटत नाहीत. दाब किती हे डॉक्टर ठरवतात. नाशिकहून यंत्र घेऊन आलेल्या मुलाने तो आकडा त्यात भरला, मास्कचे पट्टे आवळून दाखवले, बाजूच्या टाकीत पाणी ओतलं आणि जाता जाता सांगितलं, “सर, हा ओलाव्याचा आकडा मी चारवर ठेवलाय. तो मात्र तुम्ही हवा तसा कमी-जास्त करा.”

हवा तसा! छत्तीस वर्षं आर्द्रतेचा धडा शिकवलेल्या माणसाला कुणीतरी आर्द्रतेचं बटणच हातात दिलं होतं, आणि ते कोणीकडे फिरवायचं हे त्याला कळत नव्हतं.

ज्यांनी हा उपाय शोधला त्यांच्याही डोक्यात तेव्हा नाकाचा ओलावा नसणार. १९८० च्या जूनमध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलमध्ये कॉलिन सुलिव्हन यांनी एका रुग्णाला पहिल्यांदा या हवेवर झोपवलं. त्या काळी या दुखण्यावर खात्रीचा म्हणावा असा एकच इलाज होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट घशाखालून काढणं. त्या रुग्णाला ते नको होतं. सुलिव्हन यांचा झोत व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरवर चालणारा, मास्क चेहऱ्याला सिलिकॉनने चिकटवलेला. आवाज केवढा येत असेल! पण घसा उघडा राहिला, माणूस शांत झोपला. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचा अहवाल छापून आला आणि आज जगभर उशाशी चालणाऱ्या यंत्रांची वंशावळ तिथून सुरू झाली. नाक या कथेत फक्त वाट म्हणून होतं.

ओलाव्याची गोष्ट दुसरीकडे, न्यूझीलंडमध्ये, आधीच सुरू झाली होती आणि तिचा उगम स्वयंपाकघरातला आहे. ऑकलंडच्या इस्पितळातले अतिदक्षता विभागाचे डॉक्टर मॅट स्पेन्स यांना एक अडचण छळत होती. कृत्रिम श्वासावरच्या रुग्णाला नळीतून कोरडी हवा जाते, कफ वाळतो आणि नळीच तुंबते. सरकारी संशोधन खात्यातले अभियंते आल्फ मेलव्हिल यांच्या मदतीने १९६९ च्या सुमारास त्यावर एक नमुना उभा राहिला. त्यातलं पाण्याचं भांडं म्हणजे फळं टिकवून ठेवायची काचेची बरणी. आपल्याकडे मुरंब्याची असते तसली. ते उपकरण पुढे बाजारात आणलं फिशर अँड पायकेल या कंपनीने, जी तोवर फ्रिज आणि धुलाईयंत्रं विकत होती. आज सीपॅपला जोडलेली पाण्याची टाकी ही त्या बरणीची नात म्हणायला हरकत नाही. काकूंना ही हकीकत फार आवडली. टाकी घासताना त्या तिला बरणीच म्हणतात.

आता नाकाकडे वळू, कारण दोष त्याच्याच माथी मारला जात होता.

नाक हे वास घ्यायला आणि चष्मा टेकवायला दिलेलं आहे असं आपण धरून चालतो. खरं तर ते अखंड राबणाऱ्या पाणक्याचं काम करतं. माणूस दिवसभरात दहा हजार लिटरांहून अधिक हवा आत घेतो. बाहेर थंडी असो की उन्हाळा, फुप्फुसांच्या तळाशी पोचेपर्यंत ती सदतीस अंशांची आणि पाण्याने पूर्ण भरलेली व्हावी लागते. म्हणजे एका घनमीटर हवेत ४४ ग्रॅम पाणी. त्यातला मोठा वाटा नाक उचलतं. आतल्या दोन्ही भिंतींवर शिंपल्यासारख्या वळलेल्या हाडांच्या तीन-तीन पट्ट्या आहेत. शरीरशास्त्रात त्यांचं नावच शुक्तिका. त्यांच्यावरच्या ओल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. हवा त्या वळणांवरून घसरत जाते आणि ऊब-ओल उचलते. बाहेर पडताना नाक त्यातलं काही पाणी पुन्हा काढून घेतं. जुन्या वळणाची गृहिणी वाटीभर साखर उसनी देते, पण वाटी परत यायला हवी हेही बघते, तसं.

या अस्तराला फुगायची आणि ओसरायची सवय आहे. एक नाकपुडी मोकळी असते तेव्हा दुसरी काहीशी सुजलेली, काही तासांनी पाळी बदलते. जर्मनीत रिशर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये याचं शास्त्रीय वर्णन केलं. आपल्याकडच्या स्वरशास्त्राने इडा-पिंगला, चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणून या आलटापालटीवर अख्खी विद्या उभी केली होती. त्यातल्या शुभाशुभाच्या भागाशी इथे कर्तव्य नाही, निरीक्षण मात्र अचूक आहे. आडवं झालं की डोक्याकडचं रक्त वाढतं आणि ही सूज आणखी जाणवते. म्हणजे रात्रीच्या नाकात आधीच जागा थोडी, आणि त्यातून यंत्राची हवा जायची.

सरांनी त्या पहाटे जे केलं ते कुणीही केलं असतं. नळीत पाणी, नाक बंद. म्हणजे पाणी जास्त झालंय. त्यांनी चारचा आकडा एकवर आणला. पुढच्या रात्री गुडगुड थांबली. नाक मात्र दीड वाजताच बंद झालं, तोंड उघडं पडलं आणि सकाळी जीभ टाळूला चिकटलेली. तिसऱ्या दिवशी रुमालावर खपली आणि रक्ताची बारीक रेघ. मग घरगुती दवाखाना उघडला. ओव्याची पुरचुंडी, वाफारा, निलगिरीचे थेंब. त्यानंतर गावातल्या मेडिकलमधून नाक मोकळं करणारे थेंब आले. ते टाकले की दहा मिनिटांत दोन्ही नाकपुड्या हायवेसारख्या मोकळ्या. सर खूश. आठवड्याभराने थेंबांशिवाय नाक उघडेना. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन ही औषधं अस्तरातल्या रक्तवाहिन्या आवळतात; तीन ते पाच दिवसांपलीकडे ओढली की औषध उतरताच त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. म्हणजे मूळच्या चोंदण्यावर औषधाचं चोंदणं चढलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दिवा लावून आत पाहिलं आणि एका वाक्यात सगळं उलटं केलं. “सर, तुमचं नाक भरलेलं नाही, सुजलंय. आणि सुजलंय कारण ते वाळलंय.”

यातली मेख उघड्या तोंडात होती. नाकातून दाबाने हवा येत असताना तोंड उघडलं की ती हवा घशात वळून तोंडावाटे बाहेर पडते. नाकातून नुसती आत जाणारी एकेरी वाहतूक सुरू होते. येताना नाकाने पाणी द्यायचं, पण परतीची हवा तिथून जातच नाही, त्यामुळे उसनं दिलेलं काही परत येत नाही. अस्तर गार पडतं, वाळतं, चिडतं. त्याच्या रक्तवाहिन्या फुगतात. नाक अरुंद होतं. नाक अरुंद झालं म्हणून तोंड आणखी उघडतं. १९९६ मध्ये सिडनीतल्या संशोधकांनी, आणि त्यांत सुलिव्हनही होते, हेच मोजून दाखवलं. सीपॅप लावलेल्यांना काही मिनिटं तोंड उघडं ठेवायला सांगितलं तेव्हा नाकातला अडथळा तिपटीच्या घरात गेला. हवा नीट तापवून, ओली करून दिली तेव्हा ही वाढ बऱ्याच अंशी टळली. थंड पाण्यावरून नुसती हवा फिरवून भागलं नाही. पहिल्या यंत्रानंतर सोळा वर्षांनी नाकाची बाजू अशी ऐकून घेतली गेली.

सर घरी आले आणि वही काढली. शिक्षकाला एखादी गोष्ट पटायची तर तिचा हिशेब मांडावा लागतो. यंत्राच्या नोंदीत गळती दिसत होती. त्यांनी ती मिनिटाला वीस लिटर धरली. सात तासांत झाली ८,४०० लिटर, म्हणजे सुमारे साडेआठ घनमीटर हवा. निफाडच्या थंडीत बंद खोलीत चौदा अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली तर त्या हवेच्या घनमीटरमागे आठेक ग्रॅम पाणी. नाकाने ती तेहतीस ग्रॅमांच्या आसपास न्यायची. फरक पंचवीस ग्रॅम. गुणाकार दोनशे ग्रॅमवर गेला. हिशेब ढोबळ होता, पण तेवढ्याने काम भागलं. रोज रात्री पेलाभर पाणी, तेही नाकाच्या अस्तरातून, परतफेडीशिवाय. सरांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि काकूंना हाक मारून दाखवलं. काकू म्हणाल्या, “म्हणजे पाणी वाढवायचं. एवढं कळायला वही कशाला?”

पाणी वाढवलं. एकवरून पाचवर. नाकाला बरं वाटलं आणि पहाटे पुन्हा हुक्का.

इथे आपल्या गोष्टीतलं खरं कोडं आहे, आणि सरांना त्याचं उत्तर पाठ होतं. फक्त ते फळ्यावर राहून गेलं होतं. गरम हवा जास्त पाणी बाळगते, थंड हवा कमी. वीस अंशांची हवा घनमीटरमागे १७ ग्रॅमपर्यंत पाणी धरते, तीस अंशांची ३० ग्रॅमपर्यंत, दहा अंशांची जेमतेम साडेनऊ. टाकीच्या तळाशी तापणारी पट्टी असते. तिच्यावर पाणी कोमट होऊन हवा भरभरून ओली होते. मग ती सहा फुटांच्या उघड्या नळीतून निफाडच्या थंडीत प्रवास करते. वाटेत गारठते. दवबिंदू गाठला की जास्तीचं पाणी नळीच्या भिंतीवर टाकून मोकळी होते. वर्गात याला सांद्रीभवन म्हणतात. गवतावर झालं की दव, नळीत झालं की गुडगुड. म्हणजे नळीतलं पाणी हा ओलावा जास्त झाल्याचा पुरावा नव्हता, तो नाकापर्यंत न पोचल्याचा पुरावा होता. पाण्याचा टँकर गावात येईपर्यंत रस्त्यात गळून रिकामा व्हावा, आणि गावाने म्हणावं, पुढच्या खेपेला पाणी कमी पाठवा!

सीपॅप वापरणाऱ्यांपैकी अनेकांची गाडी इथेच अडते. ओलावा आणि ऊब ही एकाच गोष्टीची दोन नावं वाटतात. पण टाकीचा आकडा सांगतो किती पाणी लादायचं. नळीची ऊब ठरवते त्यातलं किती वाटेत सांडणार. नळीत थेंब दिसले तर टाकीचा आकडा उतरवण्याआधी नळी उबदार करून पाहावी. काकूंनी तेच केलं, शास्त्राची परवानगी न घेता. सरांचा जुना लोकरी मफलर उसवून त्यांनी नळीला अभ्रा शिवला, टोकांना नाडी लावली. नळी गोधडीखालून घेतली. यंत्र पलंगाच्या पातळीवरून खाली, पाटावर आलं, म्हणजे जे काही साचेल ते उताराने टाकीकडे परत जावं, नाकाकडे नको. त्या रात्री गुडगुड निम्म्यावर आली. उरलेली थांबवायला महिनाभराने तापणारी नळी घेतली, जिच्या वेटोळ्यात विजेची बारीक तार असते.

अशी नळी असेल तर यंत्र बराचसा हिशेब स्वतःच करू शकतं. रेसमेडच्या एअरसेन्स १० सारख्या यंत्रात आपोआप चालणाऱ्या पद्धतीत नळी २७ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास ठेवायची अशी योजना आहे. हाताने करायचं ठरवलं तर ओलावा एक ते आठ आणि नळी १६ ते ३० अंश, दोन्ही वेगवेगळं. सरांनी पुन्हा वही उघडली. २७ अंशांना ८५ टक्के म्हणजे घनमीटरमागे साधारण २२ ग्रॅम. नाकाच्या डोक्यावरचा बोजा पंचवीसवरून अकरावर आला. आणि २२ ग्रॅम बाळगणारी हवा चोवीस अंशांच्या खाली गेली की थेंब पडणार, हेही त्याच कोष्टकातून निघालं. निफाडच्या जानेवारीत सव्वीस-सत्तावीस पुरत नाही. सरांची नळी अठ्ठावीसवर स्थिरावली.

त्या हिवाळ्यानंतर वही खऱ्या अर्थाने भूगोलाची झाली.

जुलैत ते थोरल्या मुलाकडे चिपळूणला गेले. तो जवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आहे. यंत्र बरोबर, आकडे निफाडचे. पहिल्याच रात्री जीव गुदमरला. मास्कमध्ये घाम, हवा उकडलेल्या भाताच्या वाफेसारखी, नाक पुन्हा जड. सत्तावीस अंश, नव्वद टक्के आर्द्रता. खोलीतल्या घनमीटरभर हवेतच २३ ग्रॅम पाणी. म्हणजे यंत्राने जेवढा ओलावा बनवून द्यायचा, त्याहून जास्त कोकणच्या पावसाने आधीच देऊन ठेवला होता. सरांनी टाकीचा आकडा एकवर आणला, नळीची ऊब वीसवर. नाक सुटलं. काही नाकांना उबदार हवाच सोसत नाही. पाणी हवं असतं पण ऊब नको. अशांनी नळी दोन-तीन अंशांनी उतरवून पाहावी. त्यात चुकलं तर फार तर नळीत थेंब येतील.

मुलुंडला मुलीकडे त्यांनी चिपळूणचेच आकडे ठेवले. मुंबई म्हणजे समुद्र, समुद्र म्हणजे दमट, इतकं सोपं गणित. पण मुलीच्या घरी रात्रभर एसी. सकाळी घसा खरखरीत. “बाबा, गॅलरीतली बादली बघा,” मुलगी म्हणाली. एसीच्या पाइपातून ठिबकणाऱ्या पाण्याने बादली अर्धी भरली होती. ते पाणी खोलीच्या हवेतून काढलेलं. चोवीस अंश, पन्नास टक्के धरले तर घनमीटरमागे अकरा ग्रॅम उरतात. मुलुंडची ती बंद खोली चिपळूणपेक्षा निफाडच्या हिवाळ्याला जवळची होती! नागपूरला मे महिन्यात एका लग्नाला गेले तेव्हा आणखी वेगळा धडा. रात्रीही तीस अंश, पण हवा अशी की ओला पंचा तासाभरात कडक व्हावा. पंचवीस टक्के आर्द्रतेला घनमीटरमागे साडेसात ग्रॅम, म्हणजे निफाडच्या जानेवारीहूनही कोरडं. ऊब फुकटची होती, पाणी नव्हतं. टाकी चारवर, नळीची ऊब बंद. दुसऱ्या रात्री यजमानांनी वाळ्याच्या टट्ट्यांचा कूलर लावला आणि टाकी पुन्हा दोनवर आली.

छापील पुस्तिकेत हे सापडत नाही, कारण पुस्तिकेला निफाड ठाऊक नाही आणि चिपळूणही नाही. दाबाचा आकडा गावोगाव बरोबर नेता येतो, ओलाव्याचा येत नाही. आणि तो शोधायला रात्री द्याव्या लागतात. एका वेळी एकच आकडा, एकच पायरी, आणि दोन-तीन रात्री थांबायचं. पहाटे तीनला वैतागून दोन्ही बटणं फिरवली की सकाळी काय कशामुळे झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. 

पाण्याबद्दलही बोलायला हवं. टाकीत ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड पाणी घालावं. बोअरचं पाणी घातलं की तळाला पांढरा थर बसतो, चहाच्या भांड्याला बसतो तसा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळणारं पाणी दुकानदार “तेच असतं हो” म्हणून पुढे करतो. ते क्षारमुक्त असलं तरी श्वासासाठी बनवलेलं नसतं, तेव्हा मेडिकलमधून आणलेलं बरं. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाकायचं, टाकी विसळून सुकवायची, आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुवायची. माठाला आपण जे करतो त्याहून यात वेगळं काही नाही. माठ आठवडाभर न विसळता कुणी पाणी पीत नाही; हे पाणी तर वाफ होऊन थेट छातीत जातं. वीज गेली की इन्व्हर्टरवर यंत्र चालतं, पण टाकी आणि नळी तापवणं हाच विजेचा मोठा खर्च. भारनियमनाच्या रात्री सर दोन्ही तापवण्या बंद करून नुसत्या हवेवर झोपतात आणि सकाळी नाकाची माफी मागतात.

एवढं करूनही ओलावा हा रामबाण नाही, हे सांगितलं पाहिजे. नाकाचा पडदा वाकडा असेल, आत मांसल वाढ असेल, धुळीची ॲलर्जी असेल तर टाकीत गंगा आणून ओतली तरी उपयोग नाही. निफाड तालुक्यात लासलगाव आहे. कांद्याच्या मोसमात तिथल्या हवेत टरफलांचा भुगा उडतो आणि सरांना तेव्हा नाकाचा फवारा घ्यावाच लागतो, डॉक्टरांनी दिलेला, रोजचा, सावकाश लागू पडणारा. झोपण्याआधी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं त्यांना मानवलं. त्यासाठीचं पाणी उकळून निववलेलं. तोंड उघडं राहणं हनुवटीच्या पट्ट्याने कमी झालं. ज्यांचं त्याने होत नाही त्यांना नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ‘चेस्ट’ या नियतकालिकात ३८ रुग्णांवरचा एक अभ्यास आला होता. तापवलेल्या ओलाव्यासह यंत्र वापरणारे रात्री सरासरी साडेपाच तास ते लावून राहिले; ओलावा नसताना पाच तासांना थोडे कमी. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांत एवढाही फरक दिसला नाही. अर्ध्या तासाचा फरक कुणाला क्षुल्लक वाटेल. पण यंत्र कपाटात जातं ते अनेकदा दाबामुळे नाही, चोंदलेल्या नाकामुळे, कोरड्या घशामुळे, पहाटेच्या त्या एका गार थेंबामुळे जातं. आणि कपाटातलं यंत्र कुणाचाच घसा उघडा ठेवत नाही. विकणाऱ्यांनी यंत्र घरी पोचवताना ओलाव्याची दहा मिनिटं शिकवणी दिली, आणि पहिल्या थंडीत व पहिल्या पावसात एकेक फोन केला, तर कितीतरी यंत्रं पलंगाशेजारीच राहतील. दाबाचा आकडा कुलपात ठेवायचा आणि ओलाव्याचा माणसाच्या हाती देऊन “हवा तसा” म्हणायचं, हे बरं नव्हे.

यंदाच्या थंडीत त्या गल्लीत आणखी दोघांकडे सीपॅप आलं. एकजण सरांचाच जुना विद्यार्थी, द्राक्षबागायतदार. तो संध्याकाळी आला, ओट्यावर बसला आणि नळीत पाणी येतं म्हणून तक्रार करू लागला. सरांनी विचारलं, “दवबिंदू म्हणजे काय रे?” तो हसला, डोकं खाजवलं, आठवेना. काकूंनी आतून मफलराचा दुसरा अभ्रा आणून त्याच्या हातात ठेवला. वहीतली त्या दिवसाची नोंद अशी आहे: ‘११ जानेवारी. बाहेर ६ अंश. टाकी ५, नळी २८. रात्री एकदाच उठलो, तेही लघवीला. नाक : दोन्ही बाजू चालू.’